महाशब्दे ते पौंडरीक : जयपुरातील एका महाराष्ट्रीय कुलनामाचा प्रवास

आडनाव हा कुटुंबाच्या इतिहासाचा सर्वांत लहान दस्तऐवज होय. तो एकाच शब्दाचा असतो, त्यावर तिथी नसते, साक्षीदारांची नावे नसतात. आणि म्हणूनच तो वाचताना जितकी सावधगिरी बाळगावी लागते तितकी एखादी सनद वाचतानाही लागत नाही. सनद खोटी असू शकते. आडनाव सहसा खोटे नसते. परंतु ते वाचणारा आपल्या मनातील अर्थ त्यावर लादतो आणि तोच इतिहास म्हणून पुढे सांगितला जातो. प्रस्तुत लेखात अशा एका कुलनामाचा विचार करावयाचा आहे. हे नाव महाराष्ट्रीय कुळाचे असून ते महाराष्ट्रात घडलेले नाही. त्याची घडण आमेरच्या दरबाराशी निगडित आहे आणि ते रुजले जयपुरात.

जयपूर शहराच्या वायव्येस, तटाबाहेर, ब्रह्मपुरी ही जुनी वस्ती आहे. सवाई जयसिंहाने विद्वान ब्राह्मणांना वसवण्यासाठी ती राखली. तेथे ‘पुंडरीकजींची हवेली’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू असून तिच्या एका दालनातील भित्तिचित्रे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. जयपूरच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा एक भागही ‘पुंडरीक संग्रह’ या नावाने ओळखला जातो. हवेली आणि ग्रंथसंग्रह ज्या कुळाच्या नावाने ओळखले जातात त्या कुळाचे प्रसिद्ध पुरुष रत्नाकरभट्ट पौंडरीक हे सवाई जयसिंहाचे गुरू. ते महाराष्ट्रीय ब्राह्मण होते, आणि त्यांचे मूळ उपनाम महाशब्दे.

‘पुंडरीक’ हा शब्द कानी पडताच मराठी मनात पहिली आठवण उठते ती पंढरपूरच्या पुंडलिकाची. ‘पुंडलिक’ हे ‘पुंडरीक’चेच मराठी रूप. तेव्हा हे कुळ पंढरपूरचे असावे, वारकरी संप्रदायाशी त्याचा संबंध असावा, असा तर्क सहजच सुचतो. जयपुरातील हवेली, महाराष्ट्रीय कुळ आणि पुंडरीक हे नाव अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की कथा आपोआप तयार होते. ती गोड आहे. परंतु तिला आधार नाही.

दुसरी वाट याहून अधिक फसवी आहे, कारण ती प्रत्यक्ष इतिहासातून जाते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुंडरीक विठ्ठल नावाचा एक थोर संगीतशास्त्रकार होऊन गेला. तो कर्नाटकातला, खानदेशच्या फारुकी सुलतानाच्या आश्रयाने त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला आणि पुढे कछवाह घराण्यातील माधवसिंह व मानसिंह यांच्या आश्रयाने ‘रागमंजरी’ रचली. म्हणजे रत्नाकरभट्टांच्या आधी सुमारे सव्वाशे वर्षे दक्षिणेकडून आलेला, पुंडरीक नावाचा एक पंडित कछवाह राजांच्या पदरी होताच. राजघराणे तेच, दिशा तीच, नावही तेच. जयपूरचे पुंडरीक हे त्याचे वंशज, असे एखाद्याने म्हटले तर ऐकणारा मान डोलावील. परंतु पुंडरीक विठ्ठलाच्या बाबतीत ‘पुंडरीक’ हे व्यक्तिनाम आहे, आणि रत्नाकरभट्टांच्या बाबतीत ‘पौंडरीक’ हे एका कर्मावरून आलेले बिरुद आहे. दोन शब्द सारखे दिसतात म्हणून दोन कुळे एक होत नाहीत. नामविचारात हा पहिला धडा होय.

हे कर्म कोणते, ते आता पाहू. श्रौतसूत्रांत सोमयागांचे एकाह, अहीन आणि सत्र असे वर्ग केलेले आहेत. एका दिवसाच्या सोमसवनाचा तो एकाह; दोनपासून बारापर्यंत सवनदिवसांचे ते अहीन; त्याहून दीर्घ ती सत्रे. पौंडरीक हा अकरा दिवसांचा अहीन याग. त्याला ऋत्विजांचा मोठा समूह, विपुल सामग्री आणि मोठी दक्षिणा लागते. त्यामुळे तो क्वचितच होई, आणि ज्याने तो केला त्याची ओळख त्या यागावरूनच होऊ लागे. पौंडरीक याग करणारा तो पौंडरीकयाजी. त्याचे आटोपशीर रूप पौंडरीक. आणि लोकांच्या बोलण्यात ‘औ’चा ‘उ’ होऊन पुंडरीकजी. या क्रमात पांढऱ्या कमळाचाही संबंध नाही आणि विटेवरच्या देवाचाही नाही. संबंध आहे तो अग्नीचा.

यज्ञावरून कुलनाम पडणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. दीक्षित, अग्निहोत्री, वाजपेयी, सोमयाजी ही नावे भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत आढळतात. परंतु प्रत्येक यज्ञबिरुद कुलनाम होतेच असे नाही. विसाव्या शतकात पुण्यात शंकर रामचंद्र राजवाडे हे ‘आहिताग्नी राजवाडे’ म्हणून प्रसिद्ध होते. तेथे बिरुद आडनावाच्या आधी येऊन बसले, त्याने आडनावाला हटवले नाही. कारण उघड आहे. पुण्यात राजवाडे हे नाव सर्वांना परिचित होते. त्याचा अर्थ, त्याचे गणगोत, त्याची प्रतिष्ठा लोक जाणत होते. आमेरमध्ये ‘महाशब्दे’ म्हणजे काय हे कोणास ठाऊक असणार? उलट पौंडरीक याग केलेला पुरुष म्हणजे काय, हे तेथील दरबारात प्रत्येकाला कळत होते. नवा प्रदेश आपल्याला समजेल तेच नाव धरतो आणि न समजणारे सोडून देतो.

हा नियम केवळ भारतीय नाही. जर्मन आडनावांचा अभ्यास करणाऱ्यांना तो पदोपदी भेटतो. जर्मन भाषेत गावाच्या नावाला ‘एर’ प्रत्यय लावून आडनावे होतात. बर्लिनचा तो बर्लिनर, व्हिएन्नाचा तो वीनर. आपला ‘कर’ प्रत्यय नेमके हेच काम करतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात 1863 साली संस्कृतचे अध्यापक म्हणून आलेले गेओर्ग ब्यूलर यांच्या आडनावाच्या मुळाशी टेकडी या अर्थाचा शब्द आहे; आपल्या डोंगऱ्यांनी त्यांना भाऊबंद मानण्यास हरकत नाही. मॅक्स म्युलर यांच्या आडनावाचा अर्थ गिरणीवर धान्य दळणारा. हे साम्य मनोरंजक आहे, परंतु महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. बायर, श्वाब, हेस ही आडनावे अनुक्रमे बव्हेरिया, स्वाबिया आणि हेस या प्रदेशांवरून आली आहेत. बव्हेरियात राहणारे सगळेच बव्हेरियन. तेथे त्या शब्दाने एकाला दुसऱ्यापासून वेगळे कसे करणार? ते नाव सार्थ होते ते माणूस आपला प्रदेश सोडून दुसरीकडे गेल्यावर. आपल्याकडेही तेलंग, द्रविड, गुजर यांसारखी नावे अशीच वाचली पाहिजेत. सातारकर हे आडनाव साताऱ्यात पडण्याचे कारण नाही. ते पडते पुण्यात किंवा बडोद्यात. प्रदेशवाचक आडनाव मूळ ठिकाणाविषयी बोलत असले तरी ते दिलेले असते नव्या ठिकाणाने.

मग रत्नाकरभट्टांना ‘दक्षिणी’ किंवा ‘काशीकर’ असे नाव का पडले नाही? याचे उत्तर त्यांच्या प्रवासाच्या मार्गात आहे. ते महाराष्ट्रातून थेट आमेरला आले नाहीत. मध्ये काशी होती. सोळाव्या व सतराव्या शतकांत काशी ही महाराष्ट्रीय पंडितांची दुसरी मायभूमीच झाली होती. पैठणहून गेलेल्या रामेश्वरभट्टांच्या कुळात नारायणभट्ट झाले, 1612 साली ‘निर्णयसिंधु’ पूर्ण करणारे कमलाकरभट्ट झाले आणि 1674 साली शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट झाले. महाभारताचे टीकाकार नीलकंठ हे गोदातीरावरील कोपरगावचे. व्याकरणातील अखेरचे महापंडित नागोजीभट्ट यांचे उपनाम काळे.

काशीत या मंडळींच्या आडनावांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पैठणच्या कुळाला ‘भट्ट’ एवढेच नाव पुरले. नीलकंठांचे आडनाव चौधरी. ग्रंथात ते ‘चतुर्धर’ झाले. नागोजीभट्टांचे ‘काळे’ मात्र ग्रंथात उपनाम म्हणून तसेच राहिले. म्हणजे तीन मार्ग दिसतात : देशी नाव गाळणे, त्याचे संस्कृत रूप करणे, किंवा ते जसेच्या तसे उपनाम म्हणून जोडणे. युरोपातील विद्वानांनी लॅटिन व ग्रीक भाषांच्या बाबतीत हेच केले. फिलिप श्वार्त्सएर्ट या जर्मन तरुणाच्या आडनावाचा ‘काळी माती’ असा अर्थ लावून त्याचे ग्रीक भाषांतर करण्यात आले आणि धर्मसुधारणेच्या इतिहासात तो मेलांक्थन म्हणून अमर झाला. खनिजशास्त्राचा पाया घालणारा गेओर्ग बावर हा आग्रिकोला झाला. दोन्ही शब्दांचा अर्थ शेतकरी. नकाशाकार मर्केटरचे मूळ आडनाव व्यापारी या अर्थाचे होते, लॅटिन रूपातही तो व्यापारीच राहिला. चौधरीचा चतुर्धर करणारे पंडित आणि बावरचा आग्रिकोला करणारे पंडित एकमेकांस ठाऊक नव्हते. परंतु दोघांची गरज एकच होती. ज्या भाषेत आपला ग्रंथ सर्वत्र वाचला जाणार त्या भाषेत आपले नाव परके वाटू नये, ही ती गरज होय.

‘महाशब्दे’ या नावाला असे भाषांतर लागलेच नाही, कारण शेवटचा मराठी प्रत्यय काढला की उरलेला शब्द संस्कृतच आहे. या शब्दाकडे पाहताच दख्खनच्या ताम्रपटांतील ‘पंचमहाशब्द’ या पदवीची आठवण होते. राष्ट्रकूट, चालुक्य, शिलाहार यांच्या काळात सामंतांना शंख, भेरी इत्यादी पाच वाद्ये वाजवून घेण्याचा मान मिळे आणि तो मिळालेला सामंत आपल्या लेखात त्याचा अभिमानाने उल्लेख करी. महाशब्दे हे आडनाव या मानाशी जोडण्याचा मोह अनावर होतो. परंतु वर पुंडलिकाच्या बाबतीत जो नियम लावला तोच येथेही लावला पाहिजे. ध्वनिसाम्य ही सूचना असते, पुरावा नसतो. ताम्रपटातील सामंत आणि काशीतील वैदिक यांच्यामधला दुवा कागदावर दिसल्याशिवाय हे दोन शब्द शेजारी ठेवता येतील, एकमेकांना बांधता येणार नाहीत. वि. का. राजवाडे यांनी नामांच्या व्युत्पत्तीचा अफाट उद्योग करून आपल्याला वाट दाखवली हे खरे. परंतु व्युत्पत्ती जितकी चतुर तितका तिचा पुरावा अधिक मागावा, हा धडाही त्याच उद्योगातून घ्यावयाचा आहे.

आता आमेरकडे वळू. कछवाह राजांचा दक्षिणेशी संबंध प्रामुख्याने तलवारीचा. मिर्झाराजा जयसिंहाने 1665 साली शिवाजीमहाराजांशी पुरंदरचा तह केला, ही गोष्ट मराठी शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्याच घराण्यातील सवाई जयसिंह 1688 साली जन्मला आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, 1702 साली, औरंगजेबाच्या सैन्यातून विशाळगडाच्या वेढ्यात लढला. हाच राजा पुढे वेधशाळा बांधतो, 1727 साली नवे नगर वसवतो आणि लुप्तप्राय झालेले श्रौतयाग पुन्हा करवतो. मोगल सत्ता क्षीण होत असता स्वतःच्या राजपदाला स्वतंत्र शास्त्रीय अधिष्ठान देण्याची त्याची इच्छा होती. अशा राजाला दोन प्रकारची माणसे हवी असतात : धर्मशास्त्राचा निर्णय देणारी आणि याग प्रत्यक्ष करू जाणणारी. रत्नाकरभट्टांच्या ठिकाणी दोन्ही गुण एकवटले होते. 1713 साली त्यांनी ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा तिथी, व्रते व काल यांच्या निर्णयाचा विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाचे नाव ग्रंथाला मिळाले. आणि यज्ञाचे नाव ग्रंथकर्त्याला मिळालेच होते. आपल्या नावाने दरबारातील आपले स्थान सांगता आले तर मूळ गाव सांगण्याची गरज उरत नाही.

याच दरबारातील दुसरे महाराष्ट्रीय पंडित म्हणजे जगन्नाथ. त्यांनी अरबी भाषा आत्मसात करून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ 1732 साली ‘सम्राट्सिद्धांत’ या नावाने संस्कृतात आणला. या दोन्ही ग्रंथांना नसीरुद्दीन तूसीच्या अरबी संस्करणांचा आधार होता. ते ‘सम्राट जगन्नाथ’ म्हणून ओळखले जातात. आजच्या वाचकाला पंडितामागे सम्राट ही पदवी विचित्र वाटते; परंतु राजसूयाने राजा होतो आणि वाजपेयाने सम्राट होतो, असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे. वैदिक परिभाषेत सम्राट हा शब्द यज्ञभूमीवरचाही आहे, केवळ सिंहासनावरचा नाही. एकाच दरबारात पौंडरीक आणि सम्राट अशी दोन बिरुदे दोन महाराष्ट्रीय पंडितांना चिकटावीत, यावरून तेथे माणसाची ओळख कोणत्या भाषेत ठरत होती हे स्पष्ट होते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. जयसिंहाने अश्वमेधासाठी बोलावले असता नागोजीभट्टांनी काशीक्षेत्र न सोडण्याचे व्रत सांगून नकार दिला, असे परंपरा सांगते. ते काशीत राहिले, आणि त्यांचे उपनामही काळेच राहिले.

येथवरची कथा विद्या आणि दान यांची आहे. पुढची तशी नाही. 1743 साली जयसिंह वारला आणि त्याच्या मुलांच्या वारसाकलहात मराठे उतरले. 1748 साली बगरू येथे लढाई झाली. 1750 च्या डिसेंबरात ईश्वरीसिंहाने खंडणीच्या तगाद्याने त्रासून आत्मघात केला, आणि 1751 च्या जानेवारीत जयपूरच्या नागरिकांनी शहरात आलेल्या मराठ्यांवर हल्ला करून त्यांची मोठी कत्तल केली. पुढे 1787 साली लालसोटजवळ तुंगा येथे आणि 1790 साली पाटण येथे महादजी शिंद्यांच्या फौजा जयपूरच्या फौजांशी लढल्या. ज्यांची घरची भाषा एकेकाळी मराठी होती अशा कुळांना ‘मराठा’ हा शब्द शत्रुवाचक झालेल्या नगरात राहावयाचे होते. अशा वेळी कुलनाम ‘कर’ प्रत्ययाचे नसणे, ते दिशेऐवजी कर्म सांगणारे असणे, ही गोष्ट लहान नव्हे. पौंडरीक या नावात दक्षिणेचा मागमूस नाही. ते त्यासाठी घेतले गेले नव्हते हे खरे. ते या संकटाच्या पूर्वीच पडले होते. परंतु ज्या नावाने कुळ राजगुरूंचे म्हणून ओळखले जाते त्या नावाने ते परक्यांचे म्हणून ओळखले जात नाही.

आणि तरीही जुने नाव मेले नाही. जयसिंहाचा नातू प्रतापसिंह 1778 ते 1803 या काळात राज्य करीत होता. तुंगा आणि पाटण या लढाया त्याच्याच कारकिर्दीतल्या. याच राजाच्या आज्ञेवरून रत्नाकरांच्या वंशातील विश्वेश्वर यांनी ‘प्रतापार्क’ हा धर्मशास्त्रावरील ग्रंथ रचला, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांची नोंद ‘महाशब्द’ या उपनामाने होते. दरबारात आणि गल्लीत पौंडरीक, ग्रंथात महाशब्द. राजा मराठ्यांशी लढत असता त्याच राजासाठी लिहिलेल्या ग्रंथाच्या कर्त्याचे दक्षिणी कुलनाम टिकून राहिले, ही या प्रवासातील सर्वांत बोलकी घटना होय. नवे नाव नगराने दिले होते, ते नगरासाठी होते. जुने नाव गोत्र, शाखा आणि पितृपरंपरा यांच्याशी बांधलेले होते, आणि ग्रंथाच्या शेवटी ग्रंथकार राजाशी नव्हे, पितरांशी बोलत असतो.

रत्नाकरांच्या पुढच्या पिढ्या जयपुरात स्थिरावत होत्या त्याच सुमारास, 1741 साली, आयझेनहाउअर नावाचे एक जर्मन कुटुंब समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात उतरले. पुढे एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या नावात तो शब्द ‘आयसेनहॉवर’ झाला. तेथे अर्थ हरवला आणि ध्वनी टिकला. लोखंडावर घाव घालणारा हा मूळ अर्थ इंग्रजी कानाला कळत नाही. दुसऱ्या अनेक जर्मन कुटुंबांत श्मिटचा स्मिथ झाला. तेथे ध्वनी थोडा बदलला आणि अर्थ टिकला. जयपूरच्या कुळात तिसराच प्रकार घडला : ध्वनी आणि अर्थ दोन्ही बदलले, आणि टिकली ती केवळ नोंद. म्हणून स्थलांतरित कुळाचा शोध घेताना प्रचलित आडनावावर थांबून चालत नाही. ग्रंथांच्या पुष्पिका, गोत्र व वेदशाखा, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, विवाहसंबंध आणि राज्याचे दप्तर यांची साक्ष घ्यावी लागते. जयपूरच्या बाबतीत या साधनांची उणीव नाही. बिकानेरच्या राज्य अभिलेखागारातील ‘दस्तूर कौमवार’ या वह्यांत दरबाराने कोणत्या कौमेच्या कोणाला कोणता मान दिला याच्या नोंदी आहेत, आणि कपडद्वारातील कागदपत्रांची सूचीही छापली गेली आहे.

आडनावावरून मूळ शोधण्याची हौस आज वाढली आहे, आणि तिच्या मागोमाग ‘आम्ही इथले, तुम्ही तिथले’ हा आवाजही वाढला आहे. पौंडरीक हे नाव या आवाजाला सोयीचे नाही. ते महाराष्ट्राचे म्हणावे तर ते तेथे घडले नाही. राजस्थानचे म्हणावे तर ज्यांनी ते धारण केले ते दक्षिणेकडचे. आणि काशी वगळली तर दोन्ही टोकांना जोडणारा रस्ताच नाहीसा होतो. ज्या नावाचा मालकी हक्क कोणत्याही एका प्रांताला सांगता येत नाही अशी नावे आपल्या भाषांत शेकड्यांनी आहेत. त्यांची नोंद एका भाषेच्या अभ्यासकाने एकट्याने करण्याजोगी नाही. मराठी, हिंदी, तेलुगू, गुजराती, संस्कृत आणि फारसी यांचे जाणकार एका टेबलाभोवती बसले तरच ती होईल. आणि भारतीय भाषांचा एकत्र विचार करणाऱ्या विभागांनी प्रथम हाती घ्यावे असे हे काम आहे.